मस्तीखोर मुलाशेजारी बसवलेली मुलगी : एका शिशुवर्गातलं प्रकरण

हे प्रकरण विक्रोळी पूर्वेकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतलं आहे. वर्ग मोठ्या शिशूचा, मुलं पाच-सहा वर्षांची, पटावर तीसहून जास्त. वर्गाला एक बाई आणि मदतीला एक मावशी. मी या शाळेत समुपदेशक म्हणून ठरावीक दिवशी जाते. ओळख पटू नये म्हणून इथे कोणाचंही नाव दिलेलं नाही आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. ज्या दोघांबद्दल लिहायचं आहे त्यांना मी फक्त मुलगा आणि मुलगी म्हणणार आहे. शाळेतल्या मोठ्या माणसांनीही बरेच दिवस त्यांच्याकडे एवढ्याच ओळखीने पाहिलं होतं.

घटना आणि तिचे दोन शेरे

चित्रकलेचा तास चालू होता. प्रत्येक बाकावर एक रंगपेटी दोघांत. मुलाने पेटी आपल्याकडे ओढली, मुलीने परत ओढली, त्याने पुन्हा हिसकली. मग मुलीने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तो मागच्या बाकाच्या कडेवर आपटला आणि ओठ फुटला. रक्त बघून तो घाबरला, मोठमोठ्याने रडायला लागला, त्याचं बघून आणखी दोघं-तिघं रडली. मावशींनी ओठ धुवून बर्फ लावला. तास संपायच्या आत तो पुन्हा चित्र रंगवत बसला होता.

वर्गाच्या नोंदवहीत त्या दिवशी दोन शेरे आहेत. मुलाच्या नावापुढे लिहिलंय, ‘मस्ती करताना ओठाला लागले. आईला कळवले.’ मुलीच्या नावापुढे लिहिलंय, ‘अतिशय आक्रमक वागणूक. उलट बोलते. समजावून सांगितले तरी माफी मागत नाही. पालकांना भेटीस बोलावणे. समुपदेशन आवश्यक.’

म्हणून मुलगी माझ्याकडे आली. मुलगा आला नाही.

दुसऱ्या दिवशी आई आणि आजी दोघी शाळेत हजर होत्या. आईने त्यासाठी पवईतल्या कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. आजी बसता बसताच म्हणाल्या, “बाई, मी हिला रोज सांगते, मुलीच्या जातीने एवढा आवाज चढवू नये.” मुलगी आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ‘तू का ढकललंस?’ हा प्रश्न तोपर्यंत तिला बाईंनी, मुख्याध्यापिकांनी, आईने आणि आजीने विचारून झाला होता आणि चौघींनाही ती काही बोलली नव्हती. मी तो विचारला नाही. तिला म्हटलं, तुमच्या बाकावर रोज काय काय होतं ते सांग. त्यावर ती बराच वेळ बोलली. तो माझ्या वहीवर रेघा मारतो. तो माझ्या चित्रात बघतो. तो मला कोपर मारतो. बाई म्हणतात, तू शहाणी आहेस ना, त्याला सांभाळून घे.

मी नोंदवही मागच्या पानांपासून वाचली.

मागच्या पानांवर काय होतं

मुलाच्या नावापुढे जूनपासून शेरे होते. जागेवर बसत नाही, धावतो, ढकलतो, हाक मारली तरी येत नाही. प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी तेच दोन शब्द, ‘समज दिली’. सहा महिन्यांत त्याच्या पालकांना एकदाही त्याच्या वागण्याविषयी बोलावलेलं नव्हतं, माझ्याकडेही पाठवलेलं नव्हतं. मुलीच्या नावापुढे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकही तक्रार नव्हती. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात लिहिलं होतं, ‘हुशार, समजूतदार, बाईंना मदत करते.’ सुट्टीनंतर शेरे बदलत गेले. आधी ‘मध्ये मध्ये बोलते’, मग ‘हट्टी’, मग ‘उद्धट’, आणि शेवटी ओठ फुटल्याचा दिवस.

दिवाळीनंतर काय बदललं, असं बाईंना विचारल्यावर त्यांना लगेच आठवेना. मावशींना आठवलं. दिवाळीनंतर जागा बदलल्या होत्या. तो मुलगा आधी दुसऱ्या मुलाशेजारी बसायचा आणि दोघं मिळून वर्ग डोक्यावर घ्यायचे. म्हणून बाईंनी त्याला या मुलीशेजारी बसवलं. “ती शांत आहे. तिच्याजवळ बसला की तोही जरा गप्प बसेल.”

ही पद्धत कोणाला नवी नाही. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे: मस्ती करणाऱ्या मुलाला मुलींच्या रांगेत बसवायचं. कधी शिक्षा म्हणून, कधी उपाय म्हणून. मुलाला त्यातून कळतं की मुलींमध्ये बसणं ही लाजेची गोष्ट आहे. मुलीला काय कळतं, इकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पाच वर्षांच्या मुलीवर आपण एका सवंगड्याला शांत ठेवण्याचं काम टाकतो आणि ते काम आहे असं तिला सांगतही नाही. ते निभावलं तर ती गुणी. नाही निभावलं तर तिचं वागणं बिघडलं.

बाईंना मी हे असंच सांगितलं. त्यांना वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. तो राग मला समजतो. तीसपेक्षा जास्त लहान मुलं, छोटी खोली, खिडकीबाहेर रिक्षांचे आणि बसचे हॉर्न, आणि दिवसभर एकटीने सगळ्यांना हाताशी धरायचं. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ हवा असं म्हटलेलं आहे. मुंबईत या भागातल्या किती वर्गांच्या वाट्याला ते येतं? अशा वर्गात ज्या मुलीचा आधार वाटतो तिचा आधार बाई घेणारच. पण तो आधार नेहमी मुलीचाच का वाटतो, इथून या प्रकरणाचा अभ्यास सुरू झाला.

निरीक्षण

जागा लगेच बदलू नका, अशी विनंती मी केली. आधी पाहायचं होतं. मी वर्गाच्या कोपऱ्यात बसून तीन रकान्यांचा कागद भरत गेले: आधी काय झालं, मुलाने किंवा मुलीने नेमकं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. मधल्या रकान्यात विशेषण लिहायचं नाही, एवढाच नियम. ‘आक्रमक’ नाही, ‘डाव्या हाताने पेन्सिल ओढली’. ‘उद्धट’ नाही, ‘बाई बोलत असताना उत्तर ओरडून सांगितलं’. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही या वयाचं मूल्यमापन परीक्षेने न करता निरीक्षणातून करावं असं सांगितलं आहे. निरीक्षण म्हणजे शेरा नव्हे, हा भेद शिक्षक प्रशिक्षणात पुरेसा शिकवला जात नाही.

कागदावर दिसलं ते असं.

उत्तर ओरडून सांगणं, रांग मोडून पुढे येणं, दुसऱ्याच्या हातातली वस्तू ओढणं या गोष्टी मुलगा आणि मुलगी दोघंही करत होते. मुलगा जास्त करत होता, यात शंका नाही. फरक तिसऱ्या रकान्यात होता. मुलाने उत्तर ओरडलं की बाई बहुतेक वेळा उत्तर स्वीकारत आणि पुढे जात, किंवा “अरे, हात वर कर ना बाबा” म्हणत. मुलीने तेच केलं की बाई थांबत, तिच्याकडे वळून बघत आणि म्हणत, “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती हं.” मुलाला सांगितलं जात होतं की काय करायचं नाही. मुलीला सांगितलं जात होतं की ती कशी मुलगी आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करून गेली. मधल्या सुट्टीत चार-पाच मुली भातुकली खेळत. आमची मुलगी त्यांची पुढारी. त्यांच्यात एक नवी मुलगी यायला बघायची, आणि आमची मुलगी रोज काही ना काही कारण काढून तिला बाहेर ठेवायची. तुझा डबा चांगला नाही. आज तू बाळ हो आणि झोपून राहा. जी तिच्याशी बोलेल तिच्याशी कट्टी. हे सगळं हळू आवाजात, हसत-खेळत, मावशींपासून चार हातांवर. नवी मुलगी भिंतीला टेकून डबा खायची. नोंदवहीत याबद्दल एक अक्षरही नव्हतं. विचारल्यावर बाई म्हणाल्या, “मुलींचं रोजच चालतं हो, आज कट्टी, उद्या बट्टी.”

निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून या वागण्याकडे आक्रमकतेचा एक प्रकार म्हणून पाहिलं जातं. त्यात नात्याचाच हत्यारासारखा वापर होतो: वगळणं, मैत्री तोडण्याची धमकी देणं, इतरांना फितवणं. शारीरिक आक्रमकता मुलग्यांमध्ये जास्त दिसली आणि हा प्रकार मुलींमध्ये जास्त दिसला. दोन्हींनी मुलं दुखावतात.

म्हणजे या मुलीच्या बाबतीत शाळेची नजर दोनदा चुकली. मोठ्याने उत्तर देण्याने कोणाचंच काही बिघडत नव्हतं, तरी त्याचा शेरा झाला, कारण मुलीने आवाज चढवणं खटकतं. आणि ज्या वागण्यामुळे एक मूल रोज एकटं जेवत होतं ते कोणाला दिसलं नाही, कारण ते शांतपणे घडत होतं आणि शांत मुलगी म्हणजे चांगली मुलगी हे आपण धरूनच चालतो. या मुलीला मदतीची गरज होती, हे बाईंचं म्हणणं खरंच होतं. शेऱ्यात लिहिलेलं कारण मात्र वेगळंच होतं.

मुलाबद्दल कोणी न विचारलेला प्रश्न

आता मुलाकडे वळते, कारण खरं दुर्लक्ष त्याच्याकडे जास्त झालं होतं.

कागद भरताना पहिल्या रकान्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. त्याची मस्ती सूचनेनंतर लगेच सुरू व्हायची. बाई म्हणायच्या, “वही काढा, पान उघडा, वर नाव लिहा.” सगळी मुलं वही काढायची. हा इकडे-तिकडे बघायचा, शेजारणीच्या वहीत डोकावायचा, तिला कोपराने ढोसायचा, मग उठून दुसऱ्या बाकापाशी जायचा. पंखा पूर्ण वेगात असला किंवा खिडकी उघडी असली की हे वाढायचं. मैदानात, समोरासमोर, तो दुसऱ्या मुलांइतकाच नीट खेळायचा. तो मोठ्याने बोलायचा. मागून हाक मारली तर वळायचा नाही. तोंड बरेचदा उघडं, नाक वाहतं.

यातली एकही गोष्ट बाईंना माहीत नव्हती असं नाही. मी यादी वाचून दाखवली तेव्हा त्या प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, “मला वाटलं, मुलगाच तो. दहा हाका मारल्याशिवाय कुठला मुलगा येतो?”

त्याच्या वडिलांचं म्हणणं वेगळं नव्हतं. कुर्ल्याला कामाला जातात, भेटायला आले ते थोडे सावध होऊन. “पोरगं आहे, जरा दणकट असायलाच पाहिजे. मीपण असाच होतो.” टीव्हीचा आवाज तो मोठा ठेवतो का, विचारल्यावर आईने पटकन वडिलांकडे पाहिलं. घरात त्यावरून रोज भांडण होत होतं.

महापालिकेच्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात दाखवल्यावर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचल्याचं निघालं. श्रवणाची तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत झाली आणि सौम्य श्रवणदोष असल्याचं स्पष्ट झालं. या वयात हे नेहमी आढळतं. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांना जास्त. बहुतेकांचं पाणी तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर घाई न करता पुन्हा तपासायला बोलावतात. तोवर मुलाला जवळचं, समोरून बोललेलं ऐकू येतं. लांबून, गोंगाटात, फळ्याकडे तोंड करून बोललेलं अर्धंमुर्धं पोचतं. असं मूल आपण बहिरं आहोत असं कधीच सांगत नाही, कारण त्याला ऐकणं म्हणजे एवढंच माहीत असतं.

रंगपेटीचा दिवस आता पुन्हा पाहू. बाईंनी सूचना दिली होती की आज फक्त पिवळा रंग घ्यायचा आणि पेटी मध्ये ठेवायची. मुलीने ती ऐकली आणि शहाण्या मुलीसारखी पेटी धरून ठेवली. मुलाने ती ऐकलीच नव्हती. त्याला लाल हवा होता. त्याच्या दृष्टीने शेजारीण उगाच पेटी अडवत होती. तिच्या दृष्टीने हा रोजच्यासारखा नियम मोडत होता, आणि त्याला सांभाळायचं तर तिच्याकडे दिलेलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती.

प्रत्येक दंगेखोर मुलाच्या कानात पाणी असतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण हेच वागणं एखाद्या मुलीचं असतं, सहा महिने ती हाकेला वळली नसती, तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं की हिला काहीतरी होतंय, डॉक्टरांना दाखवा. मुलगा असल्यामुळे त्याचं लक्षण हाच त्याचा स्वभाव ठरला. त्याच्यावर नजर होती, रोज होती. चौकशी नव्हती.

शिक्षकांबरोबरची बैठक

शनिवारच्या बैठकीत मी पूर्वप्राथमिकच्या आणि पहिली-दुसरीच्या बाईंना प्रत्येकी एक कागद दिला. त्यावर एका मुलाचं वर्णन होतं. हात वर न करता उत्तर देणं, दुसऱ्याच्या चित्राला ‘चुकलंय’ म्हणणं, खेळात आपणच पुढारी व्हायचा हट्ट, नाही म्हटलं की पाय आपटणं. अर्ध्या कागदांवर हे वर्णन मुलाचं होतं, अर्ध्यांवर मुलीचं. बाकी शब्द तेच. खाली दोन ओळींत सल्ला लिहायचा होता. कागद दोन प्रकारचे आहेत हे त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

मग एकेकीने सल्ला वाचला. मुलाच्या कागदावर ‘हुशार आहे, वर्गात कंटाळत असेल, जास्तीचं काम द्यावं’, ‘नेतृत्वगुण आहेत, जबाबदारी द्यावी’ असं आलं. एका बाईंनी ‘शिस्त लावावी’ असंही लिहिलं होतं. मुलीच्या कागदावर ‘घरी अति लाड दिसतात’, ‘आगाऊपणा वेळीच आवरायला हवा’, ‘आईशी बोलावे’ असं होतं. तिसरी-चौथी बाई वाचत असतानाच खोलीत शांतता पसरली. आपल्या हातातल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते सगळ्याजणी पुन्हा बघायला लागल्या.

एवढ्या छोट्या गटावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिथेच सांगितलं. पण हा प्रकार संशोधनात जुना आहे. जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकाच बाळाची एकच चित्रफीत दाखवली होती. डबा उघडताच उसळी मारून वर येणारा बाहुला बघून बाळ दचकतं आणि रडतं. हा मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, आणि मुलगी आहे असं सांगितलेल्यांना भीती. येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पूर्वप्राथमिकच्या शिक्षकांना चार मुलांची चित्रफीत दाखवून कोण त्रास देतंय ते शोधायला सांगितलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. चित्रफितीत कोणीच त्रास देत नव्हतं. नजर मुलींपेक्षा मुलग्यांवर, आणि त्यातही कृष्णवर्णीय मुलग्यावर जास्त खिळली. तिथला वंशाचा संदर्भ आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपल्याकडे वस्ती आहे, आडनाव आहे, घरची बोली आहे. मोठ्या सोसायटीतून येणाऱ्या मुलाची मस्ती आणि डोंगरावरच्या झोपडपट्टीतून येणाऱ्या मुलाची मस्ती एकाच शब्दांत लिहिली जाते का, हे प्रत्येक शाळेने आपल्या वहीत उघडून पाहावं.

मार्क शुट्टो आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या प्राथमिक शिक्षकांनी सारख्याच लक्षणांसाठी मुलग्यांना अतिचंचलतेच्या तपासणीला पाठवण्याची जास्त शिफारस केली होती. आमच्याकडे उलट घडलं, मुलगी पाठवली गेली आणि मुलगा राहिला. मला यात विसंगती वाटत नाही. तिथल्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर अतिचंचल मूल म्हणजे मुलगाच होता, म्हणून मुलगे पाठवले गेले. आमच्या शाळेत ‘समुपदेशनाची गरज’ म्हणजे अपेक्षेबाहेर वागणं, आणि दंगा करणारा मुलगा कोणाच्याच अपेक्षेबाहेर नव्हता. दोन्ही ठिकाणी मुलाची तुलना एका ठरीव चित्राशी झाली.

बैठकीत निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी माझं म्हणणं मान्य केलं नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही काहीही म्हणा, मुलगे आणि मुली वेगळेच असतात. मी इतकी वर्षं वर्ग सांभाळलेत.” त्यांचं निरीक्षण खोटं नाही. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर या वयात मुलगे सरासरीने जास्त धावपळ आणि हाणामारी करतात, आणि स्वतःला आवरून धरण्यात मुली सरासरीने पुढे असतात. पण सरासरीवरून समोरच्या एका मुलाबद्दल काहीच ठरत नाही. त्यांच्याच वर्गात गडबड्या मुली आणि शांत मुलगे होते, त्यांनीच नावं सांगितली. मुली सरासरीने शांत असल्या तर त्यात निसर्गाचा वाटा किती आणि पाळण्यातल्या दिवसापासून ‘हळू बोल, नीट बस’ म्हणण्याचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. त्यांना माझं पूर्ण पटलं नाही. पण त्या दिवसानंतर त्या स्वतःच्या वर्गात जागा कशा ठरवतात हे त्यांनी मला येऊन दाखवलं, आणि तो संवाद मला फार मोलाचा वाटला.

काय केलं

सगळ्यात आधी मुलगी त्या जागेवरून मोकळी केली. मुलगा पहिल्या बाकावर, बाईंच्या समोर, खिडकीपासून लांब आला. त्याच्या शेजारी कोणाला बसवायचं यावर बाईंनी पुन्हा एका गुणी मुलीचं नाव सुचवलं, मग स्वतःच थांबल्या आणि एका मुलाला बसवलं. सूचना देताना आधी त्याच्या नजरेत बघायचं, एका वेळी एकच सूचना, आणि हाताने दाखवायचं. याचा फायदा मागच्या बाकावरच्या मुलांनाही झाला, तेही निम्मं ऐकत होते.

वर्गात हालचाल वाढवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया, शंख-शिंपले हाताळत, गाणी म्हणत मुलांना शिकवलं, तिथे मोकळं आकाश होतं. विक्रोळीच्या खोलीत ते नाही. तरी बाक भिंतीला सरकवून दहा मिनिटं बडबडगीतांवर नाचता येतं, वह्या वाटायचं काम आळीपाळीने सगळ्यांना देता येतं. हे काम पूर्वी फक्त मुली करायच्या. पहिल्या आठवड्यात मुलग्यांनी वह्या पाडल्या, फेकल्या. बाई टिकून राहिल्या.

मुलीचं काम जास्त नाजूक होतं. तिचं पुढारीपण मला घालवायचं नव्हतं. ते तिचं बळ आहे. घरी धाकट्या भावाला तीच सांभाळते, आणि वर्गातला तिचा हुकमी सूर तिथूनच आला होता. भातुकलीच्या कोपऱ्यात आम्ही मुलग्यांनाही आणलं आणि भूमिका चिठ्ठ्या काढून ठरायला लागल्या. पहिल्याच दिवशी वाद झाला, कारण चिठ्ठीत एका मुलाला स्वयंपाक आला. एका बाईंनी दुसरीच्या बालभारतीची आठवण काढली. २०१९ साली त्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले होते. पुस्तक आणून चित्र दाखवलं, मुलांनी त्यावर बरीच मतं दिली आणि खेळ सुरू झाला. नव्या मुलीला वगळण्याबद्दल मी मुलीशी सरळ बोलले. ती भिंतीशी एकटी जेवते तेव्हा तिला कसं वाटत असेल असं विचारलं. ती म्हणाली, “मला माहितेय. मोठ्या शाळेतल्या ताया मला पण घेत नाहीत.” त्यानंतर आम्हाला पुढचं बोलता आलं. वगळणं पूर्ण थांबलेलं नाही. मावशी आता सुट्टीत त्या कोपऱ्याजवळ बसतात आणि कुजबुज ऐकली की नुसतं तिथे जाऊन उभ्या राहतात. आमच्या सगळ्या उपायांत हा सर्वात जास्त लागू पडला.

आजींशी दोनदा बोलणं झालं. आवाज चढवू नये हे त्यांचं मत आहे तिथेच आहे. पण वर्गात मोठ्याने उत्तर दिल्याबद्दल घरी ओरडायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. मुलाच्या वडिलांचा स्वर तपासणीनंतर बदलला. त्यांना अपराधी वाटत होतं. मी त्यांना सांगितलं की शाळेच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

नोंदवहीचा नमुना मुख्याध्यापिकांनी बदलला. ‘वर्तन’ या एका रकान्याऐवजी आता तीन रकाने आहेत, आणि चौथा एक प्रश्न: हेच वागणं मुलाऐवजी मुलीचं, किंवा मुलीऐवजी मुलाचं असतं तर काय केलं असतं? हा प्रश्न काही बाईंना रोज लिहायला जड जातं आणि घाईच्या दिवशी तो रकाना कोराच राहतो. मी त्याचा आग्रह सोडलेला नाही. पालकांना बोलावण्याइतकी घटना असेल तेव्हा तरी तो भरायचाच, असं ठरलं आहे.

सध्याची स्थिती

मुलाचं उठून फिरणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही. पाणी ओसरल्यावर जे उरेल त्याचा विचार तेव्हा करू. त्याची दुसरी श्रवणतपासणी अजून व्हायची आहे आणि कागदपत्रं आईने एका पिशवीत नीट लावून ठेवली आहेत. मुलगी अजूनही हात वर न करता उत्तरं देते. बाई आता तिलाही म्हणतात, “अगं, हात वर कर ना बाई.”

जूनमध्ये दोघंही पहिलीत जातील, वेगवेगळ्या तुकड्यांत. पुढच्या बाईंसाठी दोघांची एकेक पानाची माहिती वर्गाच्या बाईंनीच लिहिली. मुलाच्या पानावर पहिल्या ओळीत आहे की त्याला समोर बसवावं, नावाने हाक मारून मग सूचना द्यावी, आणि तपासणीचा निकाल विचारून घ्यावा. मुलीच्या पानावर आहे की ती गटाचं नेतृत्व करते, खेळात कोणाला वगळते का याकडे लक्ष द्यावं. शेवटी बाईंनी एक ओळ स्वतःहून घातली आहे: ‘दुसऱ्या मुलांना शांत ठेवण्यासाठी हिला त्यांच्या शेजारी बसवू नये.’